तुझ्या कॉलेजवर नाव आहे ना, त्याच माणसाचा कारखाना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बेंगळुरूला एचएएल या विमानाच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून निवड झाली एवढं सांगितलंस आणि एकदम गप्प झालास, वाटलं असेल आता बाबा कुपवाडच्या आपल्या मशीन शॉपचा विषय काढणार, लेथवर कोण उभं राहणार विचारणार. नाही रे बाळा. मला बोलायचं होतं ते वेगळंच होतं, फोनवर घसा दाटला म्हणून लिहितोय.

वालचंद कॉलेजच्या गेटमधून तू चार वर्षं ये-जा केलीस, पण त्याच वालचंदशेठनी, म्हणजे वालचंद हिराचंद दोशींनी, तो बेंगळुरूचा कारखाना काढला हे तुला ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही, चूक माझी. आपल्या घरात चूल पेटली ती त्यांच्यामुळेच, कारण तुझे आजोबा त्यांच्या वालचंदनगरच्या वर्कशॉपला टर्नर, लेथवर काम करायचे.

सोलापूरचे हे दोशी कुटुंब, गुजराती जैन, घरचा धंदा कापूस आणि सावकारी. पेढीवर बसून व्याज मोजण्यात या पोराचं मन काही रमेना, मग फाटक नावाच्या रेल्वेतल्या कारकुनाला भागीदार केलं आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. पुढे १९१९ ला सिंदिया ही जहाजांची कंपनी, मग इंदापूर तालुक्यातल्या माळावर, म्हणजे आजच्या वालचंदनगरला, ऊस, साखर कारखाना आणि त्याच्यासाठी लागणारी मशिनरी बनवायचं वर्कशॉप. एवढा पसारा असताना विमानाचं कुणी मनात आणलं असतं का सांग.

१९३९ साली पॅसिफिकवरून विमानाने येताना त्यांना विल्यम पॉली भेटला, चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवणारा अमेरिकन. दुसऱ्या कुणी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या, यांनी विचारलं की आमच्याकडे असा कारखाना उभा राहील का. इंग्रज सरकारच्या मागे लागले, म्हैसूर संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा दिली, भांडवलात भाग घेतला आणि २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली, तीच पुढे एचएएल. पुढच्याच पावसाळ्यात पहिलं हार्लो ट्रेनर, वैमानिकांना शिकवायचं विमान, जोडून उडवलं सुद्धा! पार्ट अमेरिकेतून आलेले होते हे खरं, पण ते जोडणारे हात आपले होते ना. कालपर्यंत विमान नुसतं आभाळात बघितलेली पोरं असणार त्यात, मला त्यांचाच जास्त अभिमान वाटतो.

आणि मग एप्रिल १९४२. जपान ब्रह्मदेशात घुसला होता, सरकारला विमानाचा कारखाना खाजगी माणसाकडे ठेवायचा नव्हता, वालचंदशेठचा हिस्सा विकत घेऊन टाकला. कंपनी काढून दीड वर्षही झालं नव्हतं. शॉपमधलं एक जुनं मशीन विकताना मी रात्रभर जागा होतो, म्हणून त्या माणसाचं काय झालं असेल ते मला नीट कळतं. पण ते थांबले नाहीत, १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, पुढे कुर्ल्याला मोटारी बनायला लागल्या.

कारखानाही थांबला नाही. युद्धात तिथे अमेरिकन विमानं दुरुस्त व्हायची, आणि १९५१ ला एचटी-२ हे ट्रेनर विमान उडालं, ते तर डिझाईनपासून आपलं. ते केलं डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी, आपल्या कोल्हापूर भागातले, जर्मनीत प्रांटल या विमानशास्त्रातल्या मोठ्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेले. तिथे कुणी विचारलं की सांगलीकडची पोरं विमानात काय करणार, तर हे नाव घे.

आजोबा शिफ्टवरून आले की हाताला कटिंग ऑईलचा वास, साबणाने धुतला तरी जायचा नाही. वालचंदनगरने पुढे इस्रोच्या रॉकेटचे मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायचं बाहेरचं कवच, केले, पेपरात उड्डाणाची बातमी आली की ते चष्मा लावून दोनदा वाचायचे आणि पेपर माझ्यापुढे ठेवायचे, बोलायचे काही नाही. तू त्यांच्याच शेठच्या कारखान्यात चाललायस हे त्यांना कळायला हवं होतं रे.

शॉपची काळजी करू नकोस. दोन लेथ आणि मिलिंग मी आणि आपला पोऱ्या मिळून चालवतो, पंपाच्या शाफ्टच्या ऑर्डरी आहेत. वालचंदशेठनी पेढी सोडली तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल ते मला आता उमगतंय, आणि तरी मी मनापासून सांगतो, जा.

डब्यातून आजोबांचा मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचा, काढलाय. लाकडी पेटीची कडी तुटलीय, ती बसवून घेतो. काल दोन्ही टोकं पुसून लावून बघितला, अजून बरोबर शून्यावर येतो. इंचाचा आहे, तुला तिथे उपयोग होईल न होईल, पण ट्रंकेत कपड्यांच्या मधे ठेव आणि महिन्याला तेलाचं बोट फिरव.

तुझे
बाबा

आई म्हणते रविवारी जेवायला ये, येताना मेसचा डबा बंद करून ये.