मामा, कांगा अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय मामा,

मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. टांझानियात लेकुरवाळ्या बाईला मामा म्हणतात, हे वाचणाऱ्यांना आधीच सांगितलेलं बरं. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. पण डोडोमाकडे मिशनकामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला तुम्ही जे शिकवता, त्याचे आभार आमच्या माणसांसमोर मानायचे होते, म्हणून मराठीत.

निघण्याआधीच्या तयारीवर्गात काय मिळतं? मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, आणि एक शेरा : तिकडचे लोक वेळ पाळत नाहीत. शेरा मारणाऱ्यांनी स्वाहिली घड्याळाची चौकशीच केली नव्हती. तिथे तास मोजतात ते उजाडल्यापासून. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. सकाळचे ७ म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. 'साआ तातू' म्हणजे ९. पाहुणा शब्दकोशात तातू म्हणजे तीन असं बघतो, दुपारी ३ वाजता उगवतो आणि वर गावालाच नावं ठेवतो. तुमची युक्ती साधी : काटा ज्या आकड्यावर आहे तो सोडा, त्याच्या समोरचा वाचा.

ताटाचंही तसंच. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मराठी हात सवयीने तिच्यावर रस्सा ओतून कालवायला जातो, आणि सगळी पंगत गप्प होते. आधी तांब्या-घंगाळ फिरतं, हात धुवायचे. मग उजव्या हाताने लिंबाएवढा गोळा तोडायचा, बोटांतच वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात म्लेंडा उचलायचा. ही पालेभाजी भेंडीसारखी बुळबुळीत असते. खळगा उथळ राहिला तर तार थेट सदऱ्यावर येते.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं. मूळ अर्थ पाय धरतो असा, तेव्हा आपल्याला तो समजायला अडचण नको. उत्तर 'मराहाबा'. पहिल्यांदा म्हणायचं ते धाकट्याने, मग अंगावर पाद्र्याचा झगा असो नाहीतर हातात बायबल. दुकानातसुद्धा घरचं, कामाचं, तब्येतीचं विचारून झाल्याशिवाय भाव विचारायचा नाही. मूल आहे का, असं कुणी विचारलं तर 'हापाना' म्हणजे नाही, हे उत्तर कानाला फार कोरडं लागतं. 'बाडो' म्हणायचं, अजून नाही. साठीच्या ब्रह्मचाऱ्यानेही लग्नाबद्दल बाडोच म्हणावं, हे ऐकून नवे हसतात. तुम्ही हसत नाही.

पण खरे आभार मानायचे ते त्या कांग्याचे. कांगा म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड.

म्सिबा, म्हणजे मयताचं घर. तिथे नवा मिशनरी हमखास चुकतो : पोचल्या पोचल्या प्रार्थना सुरू करतो, सांत्वनाची चार वचनं सांगतो आणि अर्ध्या तासात उठतो. तिथे बोलण्याला किंमत नाही, बसण्याला आहे. पुरुष बाहेर खुर्च्यांवर, बायका आत चटईवर, चपला दाराशी. 'पोले', म्हणजे वाईट वाटलं, एवढंच म्हणायचं, रांबीरांबीचे, म्हणजे सांत्वनाचे, पैसे द्यायचे आणि तासन्‌तास नुसतं बसायचं. बाईच्या कमरेला कांगा हवा, मग आत सलवार असो की झगा. वर्गात हे कुणीच सांगितलेलं नसतं, म्हणून ती दारात अवघडून उभी राहते.

कांगा जोडीने विकला जातो, जोडीला डोटी म्हणतात. एक कमरेला, एक खांद्यावर. तुम्ही दारातच खांद्यावरचा उतरवलात, एक शब्द न बोलता नव्या बाईच्या कमरेला गुंडाळलात, टोक आत खोचलंत आणि तिला आपल्या शेजारी बसवलंत. एकाच डोटीचे दोन कांगे चटईवर शेजारी शेजारी. ही माझ्याबरोबर आली आहे, हे सगळ्या घराला कळलं. आत कुणी काही विचारलं नाही. स्वतःचे खांदे उघडे ठेवून दुसऱ्याची लाज राखायची आणि नंतर त्याचा उच्चारही करायचा नाही, याला मराठीत माणुसकी म्हणतात. ती पदवीने येत नाही, वर्षानुवर्षं मिशनच्या कुंपणाआड राहून तर नाहीच नाही.

नाशिकच्या शरणपूरला, मिशनच्या वस्तीत वाढलेले, गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी तरुण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रेअरटाऊनला, सुटलेल्या गुलामांच्या वसाहतीत, मिशनकामासाठी गेले. चेहरा तिकडचा, वळण इकडचं. परका चेहरा पाहून लोक दोन चुका पोटात घालतात, त्यांना ती सवलतही नसणार. त्यांच्यासाठी दारात असं कोण उभं होतं, असं मनात येतं.

कांगा धुऊन, घडी करून ठेवला आहे. परत द्यायला आणला की तुम्ही म्हणता, बाडो.

शिकामो, मामा.