दिवे खाली वळवा: पर्यावरण मंत्र्यांना एका हौशी खगोलछायाचित्रकाराचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय: सार्वजनिक दिव्यांसाठी नियम आणि सह्याद्रीतल्या अंधाऱ्या आकाशाचे संरक्षण

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहतो आणि नोकरी सांभाळून रात्रीच्या आकाशाचे फोटो काढतो. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह), चंद्र हे माझे विषय. हा छंद असलेली माणसे राज्यात पुष्कळ आहेत. कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी अजून कॉलेजात. अमावस्येच्या आसपासचा शनिवार आला की दुर्बीण, बॅटऱ्या आणि डबा घेऊन ही मंडळी वेल्हे, भोर, जुन्नर, भंडारदरा अशा वाटांना लागतात. आम्हाला अनुदान नको, जागा नको. दिव्यांसाठी एक नियम हवा आहे आणि तो फक्त सरकारच करू शकते. तो का हवा, हे आमच्या कामातून सांगितले तर नीट कळेल म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

दीर्घिकेचा किंवा तेजोमेघाचा फोटो एका क्लिकमध्ये मिळत नाही. आकाश तासाला 15 अंश सरकते, म्हणून कॅमेरा त्याच वेगाने फिरवणारा माउंट लागतो. त्याचा अक्ष आधी ध्रुवाकडे लावायचा, मग दोन-तीन मिनिटांची एकेक फ्रेम घेत राहायची. अशा शेकडो फ्रेम नंतर संगणकावर एकमेकींवर रचायच्या. याला आम्ही स्टॅकिंग म्हणतो. जितके तास जास्त, तितका फोटोतला खरखरीतपणा कमी आणि दीर्घिकेचे बाहेरचे, अगदी पुसट हात तितके स्पष्ट.

पण कॅमेरा दीर्घिकेबरोबर आकाशाची पार्श्वभूमीही टिपत असतो. आकाशाचा अंधार आम्ही प्रतींमध्ये, म्हणजे तेजस्वितेच्या मापात मोजतो; आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. उत्तम अंधारे आकाश 21.5 ते 22 असते आणि मोठ्या शहराचे 18 किंवा त्याहून खाली. आकडे जवळचे वाटतात, पण साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे पार्श्वभूमी 25 पट उजळ. पुसट वस्तूचा तोच दर्जा मिळवायला मग वेळही साधारण 25 पट द्यावा लागतो. अंधाऱ्या गावात चार तासांत होणारे काम शहराच्या गच्चीवर शंभर तासांचे होते. पावसाळा, ढग आणि चांदण्या रात्री वगळल्या तर महाराष्ट्रातल्या एका हंगामात इतके तास हाती लागणेच अवघड.

पूर्वी यावर काही प्रमाणात उपाय होता. रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते आणि त्यांचा बराचसा प्रकाश 589 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास एकवटलेला असे. तेवढा पट्टा अडवणारा फिल्टर लावला की पुष्कळ आकाश परत मिळायचे. 2015 मध्ये केंद्राचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम आला आणि एलईडी सगळीकडे पोहोचले. वीज वाचली, ते चांगलेच झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दिव्याच्या रंगाबद्दल आणि दिशेबद्दल. थंड पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सबंध वर्णपटावर पसरलेला असतो आणि 450 नॅनोमीटरच्या निळ्यात त्याचा मोठा उंचवटा असतो. हवेच्या रेणूंमुळे हा निळा प्रकाश सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो आणि आभाळभर पसरतो. त्याला अडवेल असा फिल्टर नाही, कारण दीर्घिकेचा प्रकाशही सबंध वर्णपटावरच पसरलेला असतो. एक अडवला की दुसराही अडतो.

मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ किंवा धनू राशीतले तेजोमेघ हायड्रोजनच्या 656 आणि ऑक्सिजनच्या 501 नॅनोमीटरच्या रेषांमध्ये चमकतात. वीस-तीस हजारांचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर घेतला तर ते शहरातूनही बरे येतात. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ मात्र येत नाही, देवयानी दीर्घिका येत नाही, त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिकाही येत नाही. त्यांच्यासाठी कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. बिघाड आमच्या टोकाला असता तर आम्ही पदरमोड करून दुरुस्त केला असता. तो खांबावरच्या दिव्यात आहे आणि खांब सरकारचा आहे. हे सगळे पत्र या एका गोष्टीसाठी आहे.

चंद्राचे काय, असे आपल्याला कुणी विचारेल. चंद्र मिळतो. तो इतका तेजस्वी आहे की सेकंदाच्या शंभराव्या भागाची फ्रेमही पुरते. दादरच्या गॅलरीतून कोपर्निकसचे 93 किलोमीटर रुंद विवर आणि त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा टिपता येतात. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरले, त्यानंतर मुलांना चंद्राचा दक्षिण भाग दुर्बिणीतून दाखवताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पण शहरातल्या मुलांच्या वाट्याला आता चंद्र, चार-पाच ग्रह आणि मोजकेच तारे उरलेत. आकाशगंगा त्यांनी मोबाइलवरच पाहिलेली असते. 2023 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरच्या सामान्य निरीक्षकांच्या नोंदी तपासल्या होत्या. 2011 ते 2022 या काळात आकाश दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेले, असा त्याचा निष्कर्ष. जिथे जन्माच्या वेळी 250 तारे दिसत होते, तिथे ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच दिसतील.

पुण्याजवळ हे कसे घडते ते सांगतो. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात संध्याकाळी देवयानी दीर्घिका ईशान्येला असते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका अंधाऱ्या जागेहून नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण वेल्ह्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले की ईशान्येला असते पुणे. शहराचा पांढरा घुमट इतका वर चढलेला असतो की ती त्यातून बाहेर यायला रात्रीचा पहिला भाग जातो. गेल्या काही वर्षांत तर वाटेवरच्या गावांच्या चौकात हायमास्ट आलेत. निधी मिळाला की गावात हायमास्ट बसवायचा, ही आता रीतच झाली आहे. त्यांचे दिवे तिरके लावलेले असतात. निम्मा प्रकाश शेतात, डोंगरावर आणि आभाळात जातो.

गावाला उजेड नको, असे आमच्यापैकी कुणीही म्हणत नाही. जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेने रात्री घरी जाणाऱ्या बाईला बिबट्याची भीती असते. तिला वाटेवर दिवा हवा आणि तो मिळालाच पाहिजे. तिच्यासाठीच म्हणतो की दिवा खाली वळलेला हवा. वरून झाकलेल्या दिव्याचा सगळा प्रकाश वाटेवर पडतो, म्हणून कमी वॅटमध्ये काम भागते. उघडा तिरका दिवा डोळ्यांवर येतो, बुबुळ आकसते आणि दिव्यापलीकडचा काळोख आणखी गडद होतो. बिबट्या असेल तर त्या काळोखातच असणार. सुरक्षितता आणि आकाश या दोन्हींसाठी दिवा एकच आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. या मागणीला ‘शहरी हौशी लोकांचे खूळ’ म्हणून बाजूला सारले जाऊ नये.

आपल्या खात्याच्या दृष्टीनेही हा विषय नुसत्या फोटोंचा नाही. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली कासवाची पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. मागे रिसॉर्टचे दिवे असले की ती उलट्या दिशेने जातात. भंडारदऱ्याचे काजवे पाहायला पावसाच्या तोंडावर गर्दी लोटते, पण काजव्याची नर-मादी एकमेकांना शोधतात ती लुकलुकण्यावरून आणि त्यासाठी अंधार लागतो.

हे करता येते, हे आपल्याच राज्याने दाखवले आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी जंगलाभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या गावांत शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. त्याआधी लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेभोवतीचा परिसर राखीव झाला. नारायणगावजवळ खोडद आणि परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत. तिथे रेडिओ गोंगाट वाढू नये म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधने आहेत आणि पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग ठरवतानाही त्या दुर्बिणीचा विचार करावा लागला. रेडिओचे आकाश राखायला हवे, हे शासनाला पटलेले आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशासाठी तसे काही नाही. त्याच पट्ट्यात गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण 2006 पासून काम करते आहे आणि पुणे–नाशिक महामार्गाच्या कडेची वस्ती दरवर्षी वाढते आहे.

हौशी लोकांच्या फोटोंनी शास्त्राला काय मिळते, असाही प्रश्न येतो. 2023 च्या सुरुवातीला मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या तिघा हौशी छायाचित्रकारांनी देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातला एक प्रचंड कंस दाखवून दिला. शंभराहून अधिक तासांच्या फ्रेम रचल्यावर तो उमटला. शतकभर जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी ज्या दीर्घिकेकडे पाहत होत्या तिच्याच शेजारी तो होता आणि कुणाला दिसला नव्हता. त्याच वर्षी 19 मे रोजी कोइची इतागाकी या जपानी हौशी निरीक्षकाने एम 101 दीर्घिकेतला अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारा तारा) शोधला. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्र-रात्र जागून किती पिढ्यांना आकाश शिकवले! असे काम इथेही होऊ शकते. त्यासाठी आकाश शिल्लक राहायला हवे.

आता मागण्या. राज्यात यापुढे सार्वजनिक पैशाने बसणाऱ्या प्रत्येक दिव्याचा प्रकाश क्षितिजाच्या वर जाता कामा नये आणि त्याचे रंगतापमान (आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर) 3000 केल्व्हिनपेक्षा जास्त नसावे, असा शासन निर्णय व्हावा. पथदिवे नगरविकास, ग्रामविकास, बांधकाम आणि ऊर्जा अशा खात्यांत विभागलेले आहेत. म्हणूनच पर्यावरण विभागाने पुढाकार घेतल्याशिवाय हे होणार नाही. जुने दिवे लगेच काढायची गरज नाही. ते बदलायची वेळ येईल तेव्हा नवे नीट बसावेत. होर्डिंग आणि इमारतींची दर्शनी रोषणाई मध्यरात्रीनंतर बंद व्हावी. फ्रान्सने 27 डिसेंबर 2018 च्या आदेशाने इमारतींच्या रोषणाईला रात्री एकची मर्यादा घातली आहे. ध्वनिप्रदूषणासाठी आपल्याकडे 2000 पासून नियम आहेत आणि दिवाळीत प्रदूषण नियंत्रण मंडळ आवाज मोजून आकडे जाहीर करते. आकाशाचा उजेड मोजणारे उपकरण हातात मावते. मंडळाने तीही मोजणी सुरू करावी, कारण ज्याची नोंदच नाही त्यावर कुठल्याही बैठकीत चर्चा होत नाही.

आणि सुरुवात एका जागेपासून व्हावी. माझ्या मते ती कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य ही असावी. घाटघर, साम्रद, रतनवाडी या बाजूचे आकाश अजून राखण्याजोगे आहे. काजवे, धरण, गड यांमुळे पर्यटक येतातच. तारे पाहायला ते हिवाळ्यातही आले तर गावातल्या घरांना आणखी चार महिने उत्पन्न मिळेल. गावकऱ्यांशी बोलून, ग्रामसभेत ठरवून, तिथले दिवे पावसाळ्याआधी बदलले गेले तर ऑक्टोबरात आम्ही राज्यभरातले छायाचित्रकार तिथे जाऊन आकाशाची मोजमापे घेऊ आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी फोटोंसह आपल्या विभागाला देऊ. उपकरणे आमची, प्रवास आमचा. विभागाने फक्त एक अधिकारी नेमून द्यावा, ज्याच्याकडे त्या नोंदी सोपवता येतील.

कळावे.

आपला नम्र,
पुण्यातील एक हौशी खगोलछायाचित्रकार