लाल उडालेल्या गिटारविषयी

नौपाडा, ठाणे (प.)
१४ जुलै

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे चार फोटो मिळाले. नेरुळच्या घरात तुझी गिटार गेली अकरा वर्षे पश्चिमेच्या खिडकीपाशी स्टँडवर उभी आहे, तिच्या कडेचा लाल रंग आता बिनदुधाच्या चहासारखा दिसू लागला आहे आणि म्हणून ती खरवडून नव्याने रंगवून घ्यावी, असे तुझ्या मनाने घेतले आहे. वागळे इस्टेटमध्ये कोणी चांगला रंगारी माझ्या ओळखीचा आहे का, असे तू विचारतोस. आहे, पण त्याचा पत्ता मी या पत्रात देणार नाही. का देत नाही, ते नीट सांगायचे तर मला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

तुझ्या गिटारवर त्या आडव्या लहरी दिसतात ना, त्यांना गिटारवाले फ्लेम म्हणतात आणि व्हायोलिन घडवणारे फिडलबॅक. मेपल या झाडाच्या काही खोडांतले धागे सरळ वर न जाता लाटांसारखे वळत वळत चढतात. असे खोड गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत कापले, की फळीवर कुठे धाग्यांची कूस येते, तर कुठे त्यांची कापलेली तोंडे. कूस उजेड परत फेकते, तोंडे तो गिळून टाकतात, म्हणून एक पट्टा उजळ आणि शेजारचा गडद दिसतो. गिटार थोडी कलती केलीस, की हे दोघे जागा बदलतात. आपल्याकडे पैठणीच्या धूपछाव पोतात हेच घडते, फरक इतकाच की तिथे उभे आणि आडवे धागे निराळ्या रंगांचे असतात, तर इथे लाकडाचा रंग एकच असून फक्त धाग्याची दिशा बदलते. महागड्या गिटारचा माथा, म्हणजे तिच्या धडाचा समोरचा भाग, एकाच फळीचे दोन पातळ भाग पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडून केलेला असतो, त्यामुळे एका बाजूला पट्टा उजळला असेल तिथेच दुसऱ्या बाजूला तो मावळलेला दिसतो आणि गिटार फिरवताच उलटे होते. हा खेळ छापील चित्राला जमत नाही. स्वस्त गिटारवर कधी कधी फ्लेमचा फोटोच चिकटवून वर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारलेला असतो, आणि तो ओळखण्यासाठी डोळ्यांना काहीही शिकवावे लागत नाही. गिटार हलव, पट्टे जागचे हलले नाहीत तर ते कागदाचे आहेत. (फुगीर ढगांसारखी नक्षी असलेला क्विल्ट हा याचाच भाऊ, तो बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या पानांच्या मेपलमधून निघतो. त्याची मला फारशी ओढ नाही, तो फार बोलतो.)

आता तुझ्या लाल रंगाकडे येतो. अमेरिकेतल्या कॅलामझूच्या गिब्सन कारखान्याने १९५२ साली लेस पॉल ही गिटार बाजारात आणली, तेव्हा तिचा माथा सोनेरी रंगाने झाकलेला होता. आत मेपल होता खरा, पण तो दिसणारच नसल्याने त्यावर नक्षी आहे की नाही, जोडाची रेघ बरोबर मधोमध येते की नाही, याची कोणाला फिकीर नव्हती. १९५८ साली सोनेरी गेला आणि मधे पिवळा व कडेला चेरी लाल असा पारदर्शक सनबर्स्ट आला. लाकूड एकदा उघड्यावर आल्यावर ते देखणे असणे भाग झाले. तरी त्या काळच्या कित्येक गिटार अगदी साध्या, बिननक्षीच्या आहेत. त्या वेळचा लाल रंग उन्हात टिकत नसे. दुकानाच्या काचेत काही काळ टांगलेल्या गिटारचा लाल उडून मध, चहा, कधी नुसता लिंबू उरे, आणि पिकगार्ड, म्हणजे तारांशेजारची ओरखडे वाचवणारी पट्टी, काढले की त्याच्या आकाराचा मूळ लाल तुकडा खाली तसाच सापडे. १९६० मध्ये कारखान्याने अधिक टिकाऊ लाल घेतला. गंमत अशी, की संग्राहक आज त्या उडालेल्या रंगासाठीच जादा पैसे मोजतात. तुझी गिटार तितकी जुनी नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझ्या खिडकीने तिच्याशी तेच केले आहे आणि फोटोत मला ती नवी होती त्याहून बरी दिसते, हे माझे प्रामाणिक मत आहे.

खरी भीती मात्र निराळीच आहे. तुझ्या गिटारच्या किमतीत जाड फ्लेम मेपल येत नाही. येते ते व्हेनिअर, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. मागचे झाकण काढून तुला तो दिसणार नाही, पण पुढचा पिकअप (तारेचे कंपन टिपणारा तो भाग) चार स्क्रू सोडवून उचल आणि खड्ड्याच्या काठाला टॉर्च लाव. वरची कड नखाएवढी पातळ असेल आणि खाली निराळेच लाकूड दिसेल, तर रेजमालाने काय होईल ते मी तुला स्वानुभवाने सांगू शकतो.

सहा वर्षांपूर्वी मी माझी निळी गिटार मोटारींना रंग मारणाऱ्या एका गॅरेजमध्ये दिली होती. घाई माझीच होती. वरचे जुने पॉलिएस्टरचे लॅकर काचेसारखे कडक असते आणि थिनरला दाद देत नाही, म्हणून त्या पोराने ते मशीनने घासायला घेतले. मी शेजारी चहा पीत उभा होतो. दहा मिनिटांत खालच्या गोलाईवर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट ठिपका उमटला. मला वाटले, रंग निघाला. प्रत्यक्षात पट्टेच निघून गेले होते. मी ओले बोट त्या जागेवर फिरवून पाहिले. आजूबाजूच्या लहरी ओल्या होताच जिवंत झाल्या आणि तो ठिपका मात्र भिंतीवरच्या लांबीसारखा निर्जीव राहिला.

तेवढ्यावर भागले असते तर बरे होते. मला नायट्रोसेल्युलोज लॅकरच हवे होते, कारण ते पातळ बसते, थिनर उडून वाळते आणि नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. आपले पॉलिशवाले ज्याला ड्युको म्हणतात ते मुळात याच जातीचे; ड्यूपाँट कंपनीचा मोटारींसाठीचा रंग होता तो, आणि फेंडर या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीच्या जुन्या रंगीत गिटारवर त्याच कंपनीचे मोटारीचे रंग आहेत. पण महिना जुलैचा होता. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार करतो आणि ठाण्याच्या पावसाळी हवेतले बाष्प त्या गार थरावर बसते. तिसऱ्या हातानंतर माझ्या निळ्या गिटारवर ताकासारखा पांढरट पडदा चढला आणि फ्लेम पार बुडून गेली. शेवटी नौपाड्यातल्या एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्यांनी ती सोडवली. त्यांनी सावकाश उडणारा रिटार्डर थिनरमध्ये मिसळून एक हलका हात मारला आणि पडदा माझ्या देखत वितळून गेला. "पावसात पॉलिश नाही करायचं, साहेब, पावसात फक्त थांबायचं," एवढेच ते म्हणाले. नाण्याएवढा ठिपका त्यांनी कडेच्या गडद निळ्याखाली झाकला, म्हणून माझ्या गिटारची खालची कड वरच्यापेक्षा रुंद आहे. तू एकदा तिची तारीफ केली होतीस. मी तेव्हा गप्प बसलो.

म्हणून सांगतो, घासू नकोस. पट्टे अधिक उठून दिसावेत असे वाटत असेल, तर तेही रंगाच्या आतच करावे लागते: उघड्या लाकडावर आधी काळा पारदर्शक डाय लावतात, तो धाग्यांच्या तोंडांत खोल शिरतो, मग घासून वरचा काढतात आणि त्यावर पिवळा किंवा लाल चढवतात. अर्ध्या मिलिमीटरवर हे कसरतीचे काम आहे. तुझ्या गिटारला फक्त वरचा थर स्वच्छ हवा आहे. आधी पिकअपच्या खड्ड्यात एका कोपऱ्याला थिनरचा कापूस टेकव. चिकट झाले तर नायट्रो, काहीच झाले नाही तर पॉलिएस्टर किंवा पी. यू. (पॉलियुरेथेन). माझी पैज दुसऱ्यावर आहे. मग मोटारीचे बारीक कंपाऊंड जुन्या धोतराच्या तुकड्यावर घेऊन हातानेच, मशीनने नव्हे, चोळ. बाह्या टेकून पडलेले बारीक गोल ओरखडे जातील आणि आतला मेपल धुतलेल्या काचेमागून पाहावा तसा दिसेल. नायट्रो निघालेच, तर स्टँडच्या रबरी नळीवर सुती कापड गुंडाळ. ते रबर लॅकरला चिकटते आणि डाग पाडते.

आवाजाचे तू विचारलेस. पिकअपला तारेचे कंपन कळते, पट्टे कळत नाहीत. साध्या आणि नक्षीदार मेपलमधला फरक मला डोळे मिटून कधी ओळखता आलेला नाही. पण संध्याकाळी गिटार मांडीवर घेतल्यावर खिडकीतल्या उजेडात ते पट्टे सरकतात, तेव्हा मी आणखी अर्धा तास वाजवतो, हेही खोटे नाही.

तेव्हा ती खिडकीपासून दोन हात आत सरकव, आणि येत्या रविवारी इकडे घेऊन ये. पिकअप आपण दोघे मिळून उचलू. टॉर्च माझ्याकडे आहे. नेरुळहून ठाण्याची गाडी धर, स्टेशनावर मी येतो, पण गिटारवर प्लॅस्टिक गुंडाळायला विसरू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
समीर