माले बी आयकू येस

जळगाव,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुन्या,

तुझ्या घरभरणीला आलो नाही, त्यानंतर तुझे दोन फोन उचलले नाहीत, तिसरा उचलला तो ग्राहक समजून. शिव्या द्यायच्या तर देऊन घे. उधना ते जळगाव गाडी सरळ आहे हे मलाही माहीत आहे. कारण काही नव्हतं, नुसता आळस. आईचा गुडघा तसाच, माझी साखर काठावर, बाकी तब्येती ठीक.

आज पत्र लिहितोय कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. फोनवर सांगितली तर तू हसून उडवशील, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठ्यापलीकडे काही पाठवत नाहीस.

सुन्या, माझी शिट्टी गेली.

ती वकिलांच्या वाड्यातली रे, टीव्हीतून यायची ती बारीक. आवाज बंद केलेला टीव्ही भिंतीपलीकडून सांगायचो, चालू आहे की बंद. 'महाभारत' सुरू व्हायच्या आधी अख्खी गल्ली वाड्यात शिरायची आणि आपण बाहेर ओट्यावर पाठ करून उभे. आतून कोणीतरी बटण दाबायचं, मी म्हणायचो "चालू". आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी जेवता जेवता फर्मान काढलं होतं, "काहीच वाजी नही राह्यनं. गुपचूप जेव." आईने मीठ-मिरचीने दिठ काढली. शाळेत वटवाघूळ नाव पडलं. एकट्या तूच म्हणाला होतास, "माले बी आयकू येस, भो."

हे वाक्य लक्षात ठेव, त्याच्याकडे परत येणार आहे.

आयटीआयला गेल्यावर त्या शिट्टीचा हिशोब कळला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, आठवतंय? आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्रात 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार केला की 15,625. तेवढ्या वेळा सेकंदाला ईएचटीला, म्हणजे टीव्हीतल्या त्या हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला, झटका बसतो, त्याचा गाभा आणि वेटोळं तेवढ्याच वेगाने थरथरतं, आणि तीच शिट्टी. म्हणजे भूतबीत काही नाही, रोकडं गणित. मी ते वहीच्या पानावर लिहून आण्णांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी पान उलटं करून मागे दुधाचा हिशोब लिहिला.

ज्यांच्याकडे टीव्ही दुरुस्ती शिकलो त्या उस्तादांनी मात्र त्या कानाची किंमत केली. त्यांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं. बंद पडलेला सेट टेबलावर आला की मागचं झाकण काढायच्या आधी मला हाक मारायचे, "वटवाघूळ, ऐक रे, वाजते का?" वाजत असली तर लाईन सेक्शन, म्हणजे त्या ईएचटीचा भाग, जिवंत, दोष दुसरीकडे शोधायचा. नसली तर तिथूनच सुरुवात. मीटर लावायच्या आधी अर्धं निदान. मला वाटायचं म्हातारा शिकवतोय. त्यांना स्वतःला ती शिट्टी ऐकूच येत नव्हती हे मला या आठवड्यात कळलं, पंचवीस वर्षांनी. परीक्षा कसली घेतोय तो, कान उसना मागत होता.

आता या आठवड्यात काय झालं ते.

मंगळवारी चिऊ अभ्यासाच्या टेबलाशी दोन्ही कानांत बोटं घालून बसलेली. म्हणाली, "पप्पा, हॉलमध्ये काहीतरी किंचाळतंय." मी गेलो. पंखा, फ्रिज, कूलर अजून माळ्यावरच आहे. काही नाही. तिची आई म्हणाली, अभ्यास टाळायचे धंदे. (तुझ्या वहिनीला दोन घरं पलीकडे तिच्याबद्दल कोण काय पुटपुटलं ते ऐकू येतं, चार्जरचं मात्र नाही.) बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी दुकानात डोकं फिरलेलं होतं, एका माणसाने नवा एलईडी टीव्ही आणला, बोर्ड बदलायचं सोडून 'दुरुस्तच करा' म्हणून हटून बसला. घरी आलो तर ही पुन्हा कानांत बोटं घालून. आणि सुन्या, माझ्या तोंडून निघालं, "काहीच वाजी नही राह्यनं. गुपचूप अभ्यास कर."

शब्द तेच, सूरही तोच. चिऊला अहिराणी धड येत नाही, तिला वाटलं मी नवीन शिवी दिली.

त्या रात्री झोप नाही. सगळे झोपल्यावर उठलो, हॉलमधला एकेक प्लग काढला, लावला. कान भिंतीला, कान टीव्हीला, कान सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरला. काहीही नाही. तुला आठवतं का, लोडशेडिंगची लाईट गेली की गल्ली 'हाऽऽ' करून ओरडायची आणि मला मात्र कानातून काटा निघाल्यासारखं वाटायचं? तो काटा कधी निघाला, मला कळलंच नाही. मला वाटत होतं, नळीचे टीव्ही गेले म्हणून शांत झालं. शांत काही झालेलं नाही. चार्जर, अडॅप्टर, बल्ब, सगळ्यांच्या पोटात तेच बारके ट्रान्सफॉर्मर आहेत. पूर्ण काम करताना ते कानाच्या टप्प्याच्या वर चालतात, पण काम कमी असलं, मोबाईल काढून चार्जर नुसता बोर्डाला लटकत ठेवला, की आतली आयसी वीज बचतीला थांबून थांबून झटके देते आणि आवाज खाली माणसात येतो. रोज दहा असले डबे उघडतो मी. ऐकू मात्र एकही येत नाही.

शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून चाचणी केली, म्हणाले अगदी नॉर्मल. मी विचारलं, किती हर्ट्झपर्यंत तपासलं? 8000. त्याच्या वरचं? डॉक्टर हसले, "त्याच्या वर काय ऐकायचंय तुम्हाला? माणसं खालीच बोलतात." मग चांगलं समजावून सांगितलं, ते खोटं कशाला सांगू. कानातल्या शंखाच्या दाराशी ज्या केसपेशी असतात त्या बारीक, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज पकडतात, वयानुसार आधी त्याच झिजतात आणि परत येत नाहीत. सगळ्यांचंच होतं. सातशे रुपये घेतले.

सगळ्यांचंच होतं, मान्य. पण सगळ्यांनी त्यावर संसार कुठे मांडला होता?

घरी येऊन मोबाईलवर ते आवाज काढायचं अ‍ॅप घेतलं, हेडफोन लावला. 12,000 पर्यंत येतो. 13,000 ला बोट ठेवलं की मेणबत्ती विझल्यासारखं. चिऊ 17,000 ला तोंड वाकडं करते. मग आपली वाड्यातली परीक्षा घेतली तिची. डोळ्यांवर माझा रुमाल, ती हॉलमध्ये पाठ करून उभी, मी सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर चालू-बंद करतोय. बटणाच्या टकटकीवरून कळू नये म्हणून कधी एकदा दाबलं, कधी दोनदा. वीसपैकी एकोणीस बरोबर. विसाव्याला तिला शिंक आली.

मग अडॅप्टर फोडला. आउटपुटचा कंडेन्सर डोक्यावर टम्म फुगलेला. अशा आवाजाने घर जळत नाही, चांगला चार्जरही कुरकुरतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. पण काल गप्प असलेली वस्तू आज ओरडायला लागली तर उघडून बघा, हेही मीच सांगतो. घरात तीन दिवस ओरडत होती आणि मी पोरीलाच गप्प बसवत होतो. कंडेन्सर बदलला, लावला. चिऊने कान दिला आणि म्हणाली, "बंद झाला! तुम्हालापण कळलं ना पप्पा?"

मी म्हणालो, "हो, कळलं ना."

अर्धा सेकंद उशिरा म्हणालो. आणि तिने माझ्याकडे बघितलं, सुन्या.

आता त्या वाक्याकडे येतो. दहावीत, यात्रेच्या दिवसांत, बोरी नदीच्या पात्रात आपली जुंपली होती. बर्फाचा गोळा तू माझ्या अंगावर फेकलास, शर्टावरचा लाल डाग गेलाच नाही. भांडण यावरून की तू ओट्यावर नेहमी माझ्यानंतर बोलायचास. मी "चालू" म्हणालो की तू "चालू". मी मुद्दाम चुकीचं सांगितलं तर तूही चुकीचं. मी तुला खोटारडा म्हणालो. तू म्हणालास, "मग जा, एकटाच वटवाघूळ होऊन लटक." दोन महिने बोललो नाही. मिटलं कसं ते आठवत नाही, बहुतेक तुला भूमितीची वही हवी होती.

तेव्हा मला खरंखोटं करायचं होतं. परवापासून वेगळंच डोक्यात फिरतंय. तुला ऐकू येत नसेल, तर पाच-सहा वर्षं रोज त्या ओट्यावर उन्हात उभा राहून तू काय करत होतास? मी काल एकदाच केलं तर घाम फुटला.

चिऊला खरं सांगावं का, ठरत नाही. तिची आई म्हणते सांगून टाका, त्यात काय. पण उद्या तिने आणखी काही ऐकलं आणि मला विचारायलाच आली नाही तर? आणि हो म्हणत राहिलो तर पोरगी एक दिवस मुद्दाम चुकीचं सांगेल. माझीच आहे ती.

हां, तुझं राहिलंच. मोठ्याचे बारावीचे पेपर कसे गेले? हप्त्याची काळजी करू नकोस, सगळ्यांचेच फिटतात. काकूंचा मोतीबिंदू झाला का काढून? वहिनींना नमस्कार.

आखाजीला इकडे या सगळे. वांग्यांचा मोसम संपलेला असेल, भरीत मागू नका, पुरणपोळी आणि आमरस नक्की. दुकानाच्या माळ्यावर एक चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट पडलाय, परवा खाली काढून लावला तर चालू झाला. आता दूरदर्शनचं ते जुनं प्रक्षेपण नाही, पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण शिट्टी वाजतेय, चिऊने सांगितलं. तिला आत बटणापाशी बसवू. आपण दोघं बाहेर ओट्यावर, पाठ करून.

या खेपेला आधी तू बोलायचंस.

तुझा,
वटवाघूळ