आई, ते इंजेक्शन तुझ्यासाठी नाही

लीड्स

ती. आई-बाबांना सा. न.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मी मांडीत इंजेक्शन टोचून घेतलं आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. "काही नाही गं" म्हणून मी विषय उडवला. तसं करायला नको होतं.

मला होतं ते आईच्या अर्धशिशीसारखं नाही. आईचं डोकं उठलं की ती खिडक्या लावून, सुंठेचा लेप लावून, कपाळाला फडकं आवळून पडून राहायची. मला पडवतच नाही. रात्री दीडच्या सुमारास उजव्या डोळ्यामागे तापलेली सळई घातल्यागत होतं, तेवढा एकच डोळा गळतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत राहतो. कधी अर्धा तास, कधी अडीच. दीड-दोन महिने रोज, मग वर्षभर पत्ता नाही. याला क्लस्टर हेडेक म्हणतात. हे नाव कळायच्या आधी एकानं माझी चांगली दाढ उपटली होती, तो राग अजून आहे.

इंजेक्शनचं नाव सुमाट्रिप्टान, 6 मिलिग्रॅम, कातडीखाली घ्यायचं. याची गोळीही असते, पण ती अंगात भिनेपर्यंत माझा झटका निम्मा सरलेला असतो. इंजेक्शननं दहा-पंधरा मिनिटांत उतार पडतो. पहिल्यांदा घेतलं तेव्हा अंगात ऊब पसरली, मुंग्या आल्या, मान आणि छाती आवळल्यासारखी झाली. घाबरलो होतो, पण ते ओसरलं. बाबा, यात नशा नाही. तरी 24 तासांत दोनच घेता येतात, तीही किमान तासाच्या अंतरानं. म्हणून आधी ऑक्सिजन लावून बघतो, मिनिटाला 12 लिटर, पंधरा मिनिटं. कोपऱ्यातलं नळकांडं कसलं म्हणून विचारत होतात ना, ते त्याचंच.

आता आईचं. "येताना माझ्यासाठी दोन घेऊन ये" म्हणालीस. नाही आणणार. हे औषध डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळतं, पण हृदयाच्याही आवळू शकतं. तुझं बीपी 170 च्या घरात, आणि आज बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवणारी तू! बाबांना तर स्टेंट आहे, त्यांनी याला हातसुद्धा लावायचा नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तू डोकेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणतेस त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो मी दिवाळीत काढला होता. तिच्यात एर्गोटामाइन आहे. तेही वाहिन्या आवळणारंच, आणि एवढ्या बीपीत तेही चालत नाही. शिवाय महिन्यात दहा-दहा दिवस घेतलं तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं. तीस वर्षं आपण सगळ्यांनी "आईचं डोकं उठलंय" एवढंच म्हटलं आणि दार लोटून घेतलं. मीसुद्धा.

अर्धशिशीचा झटका येऊच नये म्हणून महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आता निघाली आहेत. आईला काय चालेल ते मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील, मी नाही आणि दुकानदार तर नाहीच.

बाबा, गुरुवारी मिरजेला जाल तेव्हा ते पाकीट आणि बीपीची वही आठवणीनं पिशवीत टाका. डॉक्टरांशी तुम्हीच बोला. तिला विचारलं तर म्हणेल, "काही नाही हो."

तुमचा,
बाळू