‘इन्फ्लिक्ट’चं कर्म माणूस नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातल्या इंग्रजीच्या सदरात ‘इन्फ्लिक्ट’ म्हणजे ‘इजा करणे’ असा अर्थ देऊन खाली वाक्य छापलंय : ‘ही इन्फ्लिक्टेड हिम विथ अ स्टिक.’ ही छपाईची चूक नाही, व्याकरणाची आहे. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांतली मुलं हे सदर वाचून परीक्षेत तसंच लिहिणार आणि त्यांचे गुण जाणार, याचा राग आला म्हणून हे पत्र.

आजच्या इंग्रजीत ‘इन्फ्लिक्ट’चं कर्म माणूस नसतो, जे सोसावं लागतं ते असतं : वूंड, पेन, डॅमेज, डिफीट, पनिशमेंट. ते क्रियापदाला लागून येतं आणि ज्याला सोसावं लागतं तो ‘ऑन’नंतर. ‘ही इन्फ्लिक्टेड अ वूंड ऑन हिम.’ काठी सांगायचीच असेल तर शेवटी ‘विथ अ स्टिक’. माणूस थेट कर्म हवा असेल तर ‘हर्ट’ किंवा ‘इंज्युर’ वापरावं.

चूक होते ती ‘त्याला इजा केली’ यातल्या ‘ला’मुळे. सदरलेखकांनी ‘इजा करणे’ऐवजी ‘घाव घालणे’ घेतलं असतं तर सगळं जागेवर बसलं असतं. त्याच्यावर घाव घातला, त्याच्यावर शिक्षा लादली. हा ‘वर’ म्हणजेच ‘ऑन’. आपल्या भागातल्या मुलांना कन्नडही येतं. ‘अवन मेले हल्ले माडिदरु’ यातला ‘मेले’ही तोच. दोन भाषा हाताशी असताना मुलांना चुकीचं वाक्य पाठ करायला का लावायचं?

त्याच चौकटीत ‘अफ्लिक्ट’ हा समानार्थी शब्द दिलाय. तो समानार्थी नाही. मूळ एकच, लॅटिनमधलं ‘फ्लिगेरे’ म्हणजे आदळणे. पण ‘अफ्लिक्ट’चं कर्म माणूस, गाव किंवा प्रदेश असतो आणि करणारा बहुधा रोग, दुष्काळ, दारिद्र्य. आपलं ‘ग्रासणे’ त्याला नेमकं जुळतं. दुष्काळानं ग्रासलेला तालुका ‘अफ्लिक्टेड’, त्याला ‘इन्फ्लिक्टेड’ म्हणता येत नाही.

हा नुसता शाळेपुरता प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. मागे एका मारहाणीच्या बातमीत आपण डॉक्टरी दाखल्यातल्या ‘सेल्फ-इन्फ्लिक्टेड’चं भाषांतर ‘आपोआप झालेल्या जखमा’ असं केलं होतं. आपोआप म्हणजे पडून, धडपडून. ‘सेल्फ-इन्फ्लिक्टेड’ म्हणजे स्वतःच्या हातानं करून घेतलेल्या. मारहाणीच्या प्रकरणात त्याचा अर्थ फिर्याद खोटी असू शकते, इतका जड आहे. अशा जखमा बहुधा वरवरच्या, एकमेकींना समांतर, हात पोचेल तिथेच असतात आणि वरचा कपडा पुष्कळदा कापलेला नसतो. म्हणून डॉक्टर तो शब्द जपून लिहितात. जखम कोणी केली हे त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यामुळे दाखल्यात जखमी माणसासाठी ‘सस्टेन्ड’ येतं आणि मारहाणीच्या हकिकतीला ‘अलेज्ड’ (कथित) जोडलेलं असतं. ‘सस्टेन्ड’ सोसणाऱ्याच्या बाजूचं क्रियापद, ‘इन्फ्लिक्टेड’ करणाऱ्याच्या. बातमीत एकाच्या जागी दुसरं आलं की न्यायालयाआधीच आरोपी ठरून जातो. फिर्याद कन्नडमध्ये, दाखला इंग्रजीत आणि बातमी मराठीत, अशा आपल्या भागात ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

आणखी एक. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तरी त्यानंतरच्या भांडणांच्या बातम्यांतही आपल्याकडे जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३२३ आणि ३२५ छापलं जातं. साध्या दुखापतीला आता ११५(२) आहे, गंभीर दुखापतीला ११७(२). नुसता आकडा बदललेला नाही. जखमी माणूस तीव्र वेदनेत असेल किंवा नेहमीची कामं करू शकत नसेल, तर दुखापत ‘गंभीर’ ठरायला पूर्वी २० दिवस लागत, आता कलम ११६ प्रमाणे १५. अठरा दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाच्या बातमीत जुनी व्याख्या छापली, तर त्याच्या घरच्यांना वाटतं की प्रकरण किरकोळ आहे आणि ते तडजोडीला बसतात.

‘इन्फ्लिक्ट’ची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी, बरोबर वाक्यासह छापावी ही विनंती. मुलं आतलं दुरुस्तीचं पान उघडत नाहीत.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव