वस्तू गावातच विका, मुलांना पैसे पाठवा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी-नाताळ जवळ आले की 'जुने कपडे, खेळणी, दप्तरे द्या, आम्ही गरजू मुलांपर्यंत पोहोचवू' अशी आवाहने आपल्या पानांवर येऊ लागतात. आवाहन करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रीतीबद्दल मात्र बोलायचे आहे. मी मूळची वसईची. लग्नानंतर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळ राहते. इथल्या आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजात, पॅरिशमध्ये) दर नोव्हेंबरमध्ये परदेशातल्या वंचित मुलांसाठी विक्री भरते. तिचा नियम एकच आहे: लोकांनी दिलेली वस्तू गावातच विकायची आणि परदेशी फक्त पैसा पाठवायचा. हा नियम महाराष्ट्रातल्या मंडळांनी आणि धर्मग्रामांनीही घ्यावा असे मला मनापासून वाटते.

विक्री चर्चच्या हॉलमध्ये भरते. आदल्या संध्याकाळी टेबले लागतात: जुनी पुस्तके, विणलेले स्वेटर आणि टोप्या, कपबश्या, घरी केलेले संत्र्याचे मार्मालेड आणि बेरींचे जॅम. केक-बिस्किटांच्या टेबलावर 'टॅब्लेट' नावाची साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची स्कॉटिश वडी असते, ती दुपार व्हायच्या आत संपते. त्याच टेबलाच्या कडेला माझ्या नेवऱ्या, म्हणजे वसईच्या करंज्या, असतात. कशात काजू आहे, कशात गहू, कशात दूध, हे प्रत्येक ताटापुढे कागदावर लिहून ठेवायची इथे शिस्त आहे. बाजूला सोडतीची तिकिटे, आणि मागच्या खोलीत चहा आणि स्कोन. निम्मी गर्दी चहासाठीच येते, एकदा आली की काहीतरी घेऊन जाते.

देणाऱ्यांनाही शिस्त आहे. फाटके, डागाळलेले कपडे दारातच परत जातात. तुकडे हरवलेली कोडी आणि सुरक्षिततेची खूण नसलेली खेळणी घेत नाहीत. विजेवर चालणाऱ्या वस्तू तपासणीशिवाय टेबलावर येत नाहीत. पहिल्यांदा हे मला कठोर वाटले होते, पण त्यामागचा विचार फार सभ्य आहे. जी वस्तू शेजाऱ्याला पैसे घेऊन विकता येत नाही, ती गरिबाला फुकट तरी का द्यायची?

आणि विकत घेणारे कोण? ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना सरकार ज्या शहरांत वसवते, त्यांत ग्लासगो पहिल्या रांगेतले आहे. त्या कुटुंबांतल्या बायका इथे मुलांसाठी जाड कोट शोधायला येतात. नुकते आलेले विद्यार्थी भांडी नेतात. कोटाला दोन पौंड पडतात, घेणारी बाई निवडून, घासाघीस करून घेते, तिला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. म्हणजे तो कोट आमच्याच गावातल्या एका मुलाची थंडी घालवतो आणि त्याचे दोन पौंड हजारो मैलांवरच्या दुसऱ्या मुलाच्या जेवणाला जातात. गठ्ठा बांधून पाठवला असता तर यातले एकच काम झाले असते, तेही कदाचित धड नाही.

आमच्या विक्रीचा पैसा 'मेरीज मील्स' या स्कॉटलंडमधल्याच संस्थेला जातो. तिची कथा माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. १९९२ मध्ये बोस्नियातले युद्ध पेटले असताना तिचे संस्थापक मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो आणि त्यांचा भाऊ यांनी डालमॅली या डोंगराळ खेड्यातून ब्लँकेटे, अन्न आणि औषधे गोळा केली आणि गाडीत भरून स्वतः तिकडे नेली. युद्धात दुकाने बंद असतात, तिथे वस्तूच न्यावी लागते. पुढे २००२ मध्ये मॅग्नस दुष्काळातल्या मलावीत गेले. मरणपंथाला लागलेल्या एका आईच्या १४ वर्षांच्या मुलाला त्यांनी विचारले, तुला आयुष्यात काय हवे? पोटभर जेवण, आणि एक दिवस शाळेत जायला मिळावे, असे तो म्हणाला. मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, पण उपाशी पोर वर्गात येत नाही. आले तरी त्याचे लक्ष लागत नाही. शाळेतच रोज एक वेळचे जेवण द्यायचे काम २००२ मध्येच २०० मुलांपासून सुरू झाले. आज ही संस्था वेगवेगळ्या देशांत मिळून शाळेच्या प्रत्येक दिवशी २० लाखांहून अधिक मुलांना जेवू घालते. भारतातल्याही काही शाळा त्यात आहेत.

जेवण साधेच असते. मलावीत मका आणि सोयाबीनच्या पिठाची, जीवनसत्त्वे घातलेली पेज देतात, तिला तिथे 'फाला' म्हणतात. मुले घरून मग आणतात. भल्या पहाटे चूल पेटवतात त्या गावातल्याच आया आणि आज्या, आळीपाळीने आणि विनामोबदला. धान्य शक्य तिथे त्याच देशात विकत घेतात, त्यामुळे आमचे पौंड तिथल्या शेतकऱ्याच्याही हाती पडतात. एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाचा सरासरी खर्च काही वर्षांपूर्वी १५ पौंड ९० पेन्स होता, महागाईनंतर तो १९ पौंड १५ पेन्सवर गेला. चार पौंडांना एक अशा पाच बरण्या मार्मालेड विकले की एका मुलाचे वर्ष निघते. टेबलामागे उभे राहणाऱ्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ आहे. दाराजवळच्या दानपेटीत कोणी नुसता पैसा टाकला आणि तो करदाता असेल, तर एक साधा अर्ज भरून घेतात. मग सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स स्वतःचे घालते. खरेदीच्या पैशाला ही सवलत मिळत नाही, म्हणून ती पेटी डोळ्यांत भरेल अशीच ठेवलेली असते.

याच संस्थेने दप्तरे भरून पाठवण्याचाही एक उपक्रम चालवला. आत काय हवे याची यादी ठरलेली असे, म्हणून तो निभला. माझे मत मात्र वही-पेन्सिल तिथल्याच दुकानातून घ्यावी असे आहे.

जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचे काय होते, हे आता लपून राहिलेले नाही. केनियात त्यांना 'मितुंबा' म्हणतात, मलावीत 'काउंजिका'. दान म्हणून दिलेले हे कपडे बव्हंशी व्यापाऱ्यांमार्फत तिथल्या बाजारात पोहोचतात. टोरांटो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये मांडले की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतल्या तयार कपड्यांच्या उत्पादनाची जी घसरण झाली, तिच्यातला सुमारे ४० टक्के वाटा या जुन्या कपड्यांच्या आयातीचा होता आणि त्या उद्योगातल्या रोजगाराच्या घटीतला सुमारे ५० टक्के. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर २००४ च्या त्सुनामीनंतरचे तमिळनाडू आठवावे. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. ज्यांचे घर समुद्राने नेले, त्या कोळी कुटुंबांना कोणाचे उतरलेले कपडे नको होते.

'स्कॉटलंडमध्ये गरिबी नाही का, मग पैसा बाहेर कशाला?' हा प्रश्न मला इथेही ऐकू येतो आणि वसईला आले की तिथेही. इथे गरिबी आहेच. आमच्याच धर्मग्रामातले विन्सेंट दी पॉल संस्थेचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन मदत पोहोचवतात, त्याचा निधी वेगळा आहे. पण १९ पौंडांत ग्लासगोच्या मुलाचे आठवडाभराचेही जेवण होत नाही आणि मलावीत वर्ष निघते. दुसरी शंका धर्मांतराची. संस्था मेरीच्या नावाने ओळखली जाते, ती चालवणारे श्रद्धाळू आहेत, हे ते लपवत नाहीत. पण रांगेतल्या मुलाचा धर्म विचारला जात नाही. जेवणाची अट शाळेत येण्याची आहे, प्रार्थनेची नाही. तसे नसते तर मी त्या टेबलामागे उभी राहिले नसते.

ही काही कॅथलिकांची किंवा गोऱ्यांची खास मिरास नाही. शाळेत मुलांना जेवू घालण्यात तर आपण जगाला शिकवावे असे आहोत. मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये मद्रास राज्यात सुरुवात केली, १९९५ मध्ये केंद्राची योजना आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवणच द्या असे बजावले. पण आकडे पाहा. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरले आहेत, धान्य तेवढे वेगळे मिळते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंसाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. पुढची भर राज्यांनी घालायची. पालघर-जव्हारच्या शाळेत खिचडीत भाजी वाढावी, आठवड्याला एखादे जास्तीचे अंडे किंवा केळे मिळावे, यासाठी शंभर गठ्ठ्यांचा उपयोग नाही, रोख पैशाचा आहे. तेच कपडे, तीच खेळणी वसईत, ठाण्यात, पुण्यात मंडपात मांडून विकली तर तो पैसा उभा राहतो. शिवाय वसईकर बाया सुकेळी (वाळवलेली केळी), लोणची, नेवऱ्या करून आणतील ते वेगळेच. ती पाचच मिनिटांत संपतील, हे मी लिहून देते.

म्हणून आपल्याला एक विनंती. पुढचे आवाहन छापताना 'जुने कपडे द्या' याऐवजी त्या संस्थेला विक्री भरवायला सांगा आणि आवाहनातच छापा: पैसा कोणत्या शाळेला जाणार, एका मुलामागे किती लागणार, स्वयंपाक कोण करणार. विक्री झाल्यावर जमा-खर्चही तिथेच छापा. आमच्याकडे तो पुढच्याच रविवारी चर्चच्या फळ्यावर लागतो, सोडतीच्या तिकिटांच्या छपाईसकट. आमच्या टेबलांची मांडणी, काय घ्यायचे आणि काय परत करायचे याची यादी आणि हिशेबाचा तक्ता मी मराठीत करून ठेवला आहे. कोणत्याही मंडळाला किंवा धर्मग्रामाला हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी लगेच पाठवीन.

कळावे,
आपली एक वाचक
ग्लासगो (मूळ वसई)